८०,००० अवर्स: कॉलेजात असताना करिअर ठरवायला हे मोफत गाइड किती कामाचं?

‘८०,००० अवर्स’ ही बेंजामिन टॉड आणि विल्यम मॅकॅस्किल यांनी २०११ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू केलेली ना-नफा संस्था. आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे आणि ४० वर्षं नोकरी धरली, तर एका माणसाच्या वाट्याला कामाचे ८०,००० तास येतात. ते कुठे घातले तर लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल, हा एकच प्रश्न या संस्थेने धरून ठेवला आहे. वेबसाइटवर करिअर गाइड आहे, ८ आठवड्यांचा प्लॅनिंग कोर्स आहे, पॉडकास्ट आहे, जॉब बोर्ड आहे आणि निवडक लोकांना व्हिडिओ कॉलवर सल्लाही मिळतो. हे सगळं मोफत. जाहिरात नाही, शेवटी कुठल्या क्लासची फी नाही. खर्च देणग्यांवर चालतो, आणि त्यातला मोठा वाटा वर्षानुवर्षं ओपन फिलान्थ्रॉपी (२०२५पासून नाव ‘कोएफिशिएंट गिव्हिंग’) या एकाच देणगीदार संस्थेकडून येत आला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण संस्थेच्या प्राधान्यक्रमावर त्या देणगीदाराच्या विचारविश्वाची छाप आहे.

आधी निकाल सांगतो. निर्णय कसा घ्यायचा हे शिकवणारा या गाइडचा भाग अव्वल आहे आणि आपल्याकडच्या कोणत्याही शाखेच्या मुलामुलींनी तो वापरावा. काय निवडायचं हे सांगणारा भाग, म्हणजे जगातल्या समस्यांची त्यांची क्रमवारी, मात्र जशीच्या तशी उचलू नये. गल्लत होते ती हे दोन भाग एकत्र गिळल्यामुळे.

आपल्याकडे करिअर मार्गदर्शनाचा सगळा भर दहावी-बारावीवर असतो: कलचाचणी, सीईटी, कॅप राउंड. एकदा प्रवेश झाला की थेट शेवटच्या वर्षी ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेल भेटतो, आणि त्याचं काम कंपन्या आणणं एवढंच असतं. मधल्या ३ वर्षांत ‘मला नेमकं कोणतं काम करायचंय आणि त्याने कोणाचं काय बदलेल’ हे विचारायला जागाच नसते. ती पोकळी हे गाइड भरून काढतं.

पहिलं प्रकरण समाधानाच्या नोकरीबद्दल आहे. ‘आवड शोधा आणि तिच्यामागे जा’ हा सल्ला ते खोडून काढतात. बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवडी खेळ, संगीत, सिनेमा अशा क्षेत्रांत असतात आणि तिथे नोकऱ्या मूठभर, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे: काम जमायला लागलं की आवड मागून येते. त्याऐवजी ते ६ गोष्टी तपासायला सांगतात. काम गुंतवून ठेवणारं आहे का, त्यातून कोणाला मदत होते का, ते आपल्याला जमेल का, सोबतचे लोक आधार देणारे आहेत का, मोठे तोटे नाहीत ना (रोजचा ३ तासांचा लोकल प्रवास हाही त्यातच येतो), आणि घरच्या आयुष्याशी त्याचा मेळ बसतो का. ही यादी कागदावर लिहून हाती आलेल्या ऑफरला लावून पाहिली, तर पॅकेजच्या आकड्यापलीकडचं बरंच दिसतं.

गाइडचा गाभा म्हणजे समस्या निवडायची तीनपदरी कसोटी. समस्या किती मोठी आहे, तिच्याकडे किती दुर्लक्ष झालंय आणि ती सुटण्यासारखी आहे का. गाइडमधली उदाहरणं परदेशी आहेत, पण कसोटी समजून घ्यायला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम सरस आहे. १९७०च्या दशकात ते रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः लहान मुलं, हृदय निकामी होऊन आणि फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. गंभीर रुग्णांपैकी जवळपास ४० टक्के वाचत नव्हते. देशाच्या आकड्यांत ही समस्या फार मोठी नव्हती. पण मोठ्या शहरांतल्या संशोधकांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध तिच्यावर लागू पडलं. मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पहिला पदर मध्यम असूनही दुसरा आणि तिसरा भरभक्कम असेल, तर एका माणसाच्या हातून केवढं काम होऊ शकतं हे यातून कळतं. गाइडचं म्हणणंही तेच: तिन्ही पदरांचा गुणाकार करा, बेरीज नको. एखादा पदर शून्याजवळ असेल तर बाकीचे कितीही मोठे असले तरी उपयोग नाही.

आणि नेमकं इथेच गाइड आपल्यासाठी अपुरं पडतं. डॉक्टर होऊन किती जीव वाचतात याचा त्यांनी बारकाईने हिशेब मांडला आहे. निष्कर्ष असा की ब्रिटनसारख्या देशात आणखी एका डॉक्टरने पडणारा फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो, कारण तो नसता तर दुसऱ्या कोणीतरी ते काम केलंच असतं. युक्तिवाद चोख आहे, पण तो जागा भरलेल्या असतात अशा व्यवस्थेला लागू होतो. जिथे वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद महिनोन्‌महिने रिकामं राहतं, तिथे ‘दुसरं कोणीतरी’ येतच नाही. गडचिरोलीत, मेळघाटात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हेच शिक्षकाला लागू, कृषी अधिकाऱ्याला लागू, तालुक्याच्या गावी नेटाने वकिली करणाऱ्यालाही लागू. म्हणून गाइडमधल्या प्रत्येक निष्कर्षापुढे एक प्रश्न लिहून ठेवावा: मी गेलो नाही तर इथे कोण येणार आहे?

आपल्या जवळच्या समस्या या कसोटीवर घासून पाहिल्या की चित्र बदलतं. रक्तक्षय घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. समस्या अवाढव्य, उपाय माहीत असलेले. फोर्टिफाय हेल्थ ही संस्था महाराष्ट्रातल्या पीठ गिरण्यांबरोबर काम करते आणि गव्हाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळण्याची व्यवस्था बसवून देते. अशा ठिकाणी फूड टेक्नॉलॉजी झालेला, पुरवठा साखळी सांभाळणारा, कॉमर्सचा, आकडेवारी जाणणारा, सगळेच लागतात. ‘समाजकार्य करायचं तर एमएसडब्ल्यूच केलं पाहिजे’ हा समज इथे गळून पडतो. सर्पदंश, हळदीत आणि रंगात मिसळलं जाणारं शिसं, भूजल हे विषयही असेच घासून पाहण्यासारखे आहेत.

आता सगळ्यात उपयोगी भाग: स्वस्तात चाचणी घेणं. गाइड पायऱ्या सांगतं. आधी १-२ तास वाचन, मग त्या क्षेत्रातल्या एका माणसाशी बोलणं, मग आणखी तिघांशी बोलून एखाददोन पुस्तकं, मग १ ते ४ आठवड्यांचं छोटं काम, आणि हे सगळं झाल्यावरच २ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंतची बांधिलकी. आपल्याकडे बहुतेक जण पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात. यूट्यूबवर २ मुलाखती पाहायच्या आणि पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन अभ्यासिकेत बसायचं, हा प्रकार त्यातलाच.

बोलायला माणूस कसा मिळवायचा, याबाबत गाइड ओळखीपाळखी गृहीत धरतं. आपल्या मुलांकडे त्या नसतात, म्हणून हे तपशीलात सांगतो. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पान उघडा, माजी विद्यार्थ्यांच्या यादीत क्षेत्र आणि गाव निवडा, आणि आपल्यापेक्षा ३ ते ६ वर्षं पुढे असलेली माणसं शोधा. फार वरच्या पदावरच्यांना फ्रेशरचं जग आठवत नाही. संदेश असा असावा: ‘नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाणलोटाच्या कामाबद्दल वाचतोय. तुमच्या रोजच्या कामाविषयी ३ प्रश्न विचारायचे होते. या आठवड्यात फोनवर १५ मिनिटं मिळतील का?’ त्यात बायोडेटा जोडू नका आणि नोकरी मागू नका. मागितलीत की उत्तर येणं बंद होतं. दहाजणांना पाठवा म्हणजे दोघेतिघे तरी बोलतील.

फोनवर ‘या क्षेत्रात स्कोप आहे का’ असं विचारलं तर ‘आहे, मेहनत करा’ हेच ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारा: मागच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार तुम्ही काय काय केलंत? या कामातून लोक सोडून जातात ते कशामुळे? नवीन माणसाच्या हातात दरमहा किती पडतात? आज मला घ्यायचं ठरवलंत तर माझ्याकडे कोणती एक गोष्ट असायला हवी? शेवटी आणखी एका माणसाचं नाव मागा. दुसरी, तिसरी आणि चौथी भेट त्यातूनच मिळते.

छोट्या कामाचं एक उदाहरण. भूजलात रस असलेल्या सिव्हिलच्या किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावच्या १० विहिरी निवडाव्यात. काठापासून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजावी, उपसा सुरू नसताना, शक्यतो सकाळी पंप लागायच्या आधी. नाहीतर आकडा खोटा येतो. विहिरीची जागा, मालकाने सांगितलेली पिकं आणि पंपाची ताकद वहीत नोंदवावी. मे महिन्यात त्याच विहिरी, त्याच काठाच्या खुणेपासून पुन्हा मोजाव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ताडून ४ पानांचा अहवाल लिहावा. खर्च टेप आणि पेट्रोलचा. हे करताना कंटाळा आला, शेतकऱ्यांशी बोलणं नकोसं वाटलं, तर फार स्वस्तात एक मोलाची गोष्ट कळली. मजा आली तर तो अहवाल मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या फायलीपेक्षा जड ठरतो. कॉमर्सवाल्यांनी एखाद्या छोट्या संस्थेचे वर्षाचे हिशेब २ आठवडे बसून लावून द्यावेत, कॉम्प्युटरवाल्यांनी एखाद्या आरोग्य केंद्राच्या किंवा शाळेच्या नोंदींचं काम घ्यावं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर (एनईपी) पदवीतच आलेली ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, हीही यासाठी वापरता येते, फक्त नावाला पत्र आणून तास भरू नयेत.

वेळापत्रक मात्र आपलं आपल्यालाच बसवावं लागतं, गाइडला ते माहीत नाही. इंजिनिअरिंगला प्लेसमेंटच्या परीक्षा साधारण सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला लागतात आणि अनेक कॉलेजांत एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. म्हणजे २-३ चाचण्या सहाव्या सेमिस्टरच्या आत उरकल्या पाहिजेत. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्यांना १ वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती कशीबशी उरकायची गोष्ट म्हणून न बघता, ग्रामीण आरोग्य हे आपलं काम आहे का याची पगारी चाचणी म्हणून बघावी. बीए, बीएस्सीच्या मुलांकडे वेळ सर्वांत जास्त असतो आणि तोच सर्वांत जास्त वाया जातो.

चाचण्यांनंतर गाइड तुलनेचा तक्ता करायला सांगतं: ४-५ पर्याय, आणि प्रत्येकाला परिणाम, स्वतःशी जुळणं, पुढे उपयोगी पडणारं भांडवल (कौशल्य, ओळखी, पदवीचं वजन, शिल्लक) आणि समाधान यांवर १ ते १० गुण. यात हमखास होणारी चूक म्हणजे सगळीकडे ६ आणि ७ भरणं. मग बेरजा सारख्याच येतात आणि मुलं ‘तक्त्याने काही कळत नाही’ म्हणून सोडून देतात. उपाय सोपा आहे. गुण देण्याआधी प्रत्येक रकान्यात पर्यायांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावा, बरोबरी चालणार नाही असा नियम करा. दुसरी चूक म्हणजे आधीच मनात ठरलेल्या पर्यायाला गुण वाढवून देणं. त्यासाठी पहिल्या आलेल्या पर्यायाविरुद्ध ५ ओळी लिहा आणि घरातल्या किंवा वर्गातल्या सर्वांत फटकळ माणसाला वाचायला द्या.

प्लॅन ए, बी आणि झेड ही पुढची गोष्ट. ए म्हणजे सध्याची पहिली पसंती, बी म्हणजे जवळचे पर्याय, झेड म्हणजे सगळं फसलं तरी पोट भरेल अशी सोय. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं. यूपीएससीच्या नागरी सेवेला १० लाखांच्या घरात अर्ज येतात आणि जागा हजाराच्या आसपास असतात. या परीक्षेला बसणं चूक नाही. प्रशासनात राहून मोठं काम करता येतं. चूक होते ती झेड न लिहिता बसण्यात. किती प्रयत्न, कोणत्या तारखेला थांबणार आणि थांबल्यावर दुसऱ्या दिवशी काय करणार, हे पहिल्या प्रयत्नाआधी लिहून आईवडिलांना दाखवावं. नापास झाल्यावर हा निर्णय थंड डोक्याने घेता येत नाही.

झेडमध्ये पैशाचा आकडा हवा. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ता आधी मांडा: ५ लाख मुद्दल, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर महिन्याला सुमारे ६,६०० रुपये. शिक्षण चालू असताना साचलेलं व्याज मुद्दलात मिळवलं तर हा आकडा वाढतो. त्यात खोली, जेवण आणि घरी पाठवायची रक्कम मिळवली की कळतं, कमी पगाराच्या पण अर्थपूर्ण कामावर आत्ता जाता येईल की आधी २ वर्षं चांगल्या पगाराची नोकरी करून ६ महिन्यांचा खर्च बाजूला टाकावा लागेल. दुसरा मार्ग पळपुटा नाही. गाइडही करिअरच्या सुरुवातीला भांडवल उभं करायलाच सांगतं. एवढंच की त्या २ वर्षांत हप्त्यावर गाडी आणि फ्लॅट आला की पाय अडकतो.

भरपूर कमवा आणि दान करा, हा पर्याय एकेकाळी या संस्थेची ओळख होता. २०१५च्या सुमारास त्यांनी स्वतःच त्याचं वजन कमी केलं. याच मार्गाचं उदाहरण म्हणून त्यांच्या वेबसाइटवर सॅम बँकमन-फ्राइडचं नाव होतं. नोव्हेंबर २०२२मध्ये त्याचं एफटीएक्स हे क्रिप्टो चलनाचं एक्स्चेंज कोसळलं आणि पुढे फसवणुकीबद्दल त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. दान करण्यासाठीही अपायकारक काम करू नये, असं गाइडमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, पण विद्यार्थ्यांपुढे माणसांना आदर्श म्हणून उभं करताना किती जपायला हवं हे या प्रकरणाने दाखवलं. उत्पन्नातला ठरावीक हिस्सा नियमाने देणं मात्र कुठल्याही नोकरीत शक्य आहे, आणि तो सल्ला आजही चांगलाच आहे.

२०२५मध्ये संस्थेने जाहीर केलं की यापुढे त्यांचा मुख्य भर कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोके टाळण्यावर राहील. विषय गंभीर आहे, आणि गणितात, सुरक्षा संशोधनात किंवा तंत्रज्ञानाच्या धोरणात गती असलेल्यांनी तो मनावर घ्यावा. पण वेबसाइटचं तोंडच त्या दिशेला वळल्यामुळे जागतिक आरोग्य किंवा गरिबी या विषयांवर नवा मजकूर शोधताना निराशा होते. जॉब बोर्डवर ब्रिटन-अमेरिकेतल्या जागांचा भरणा आहे आणि व्हिसाची अट आड येते. घरून करता येणाऱ्या कामांचा आणि भारतातल्या जागांचा फिल्टर लावून महिन्यातून एकदा पाहिलं तरी पुरे. आपल्याकडच्या शोधासाठी वेगळी यादी लागते: गडचिरोलीच्या ‘सर्च’ या आरोग्य संस्थेने २००६पासून चालवलेला तरुणांसाठीचा ‘निर्माण’ उपक्रम, टीच फॉर इंडियाची २ वर्षांची फेलोशिप, आयआयटी मुंबईतलं ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ केंद्र, टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) तुळजापूर परिसर, आणि जाहिरात निघेल तेव्हा मुख्यमंत्री फेलोशिप. त्यांपैकी ‘निर्माण’ची शिबिरं अर्थपूर्ण कामाचा हाच प्रश्न आपल्या भाषेत आणि आपल्या मातीत विचारतात; या गाइडच्या जोडीला ती फार चांगली.

भाषेबद्दल. इंग्रजी सोपं आहे पण मजकूर भरपूर, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं चौथ्या-पाचव्या प्रकरणाला सोडून देतात. दोघातिघांनी मिळून वाचावं, आठवड्याला एक प्रकरण, टिपणं मराठीत. ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये जागतिक समस्यांच्या टप्प्यावर गाडी हमखास अडते, कारण १९ वर्षांच्या मुलाला अणुयुद्ध मोठं की महामारी हे ठरवता येत नाही. ते ठरवायची गरजही नाही. तिथे २-३ समस्या कच्च्या लिहून पुढे सरका, चाचण्या झाल्यावर परत या.

सल्ल्यासाठी अर्ज करायचा असेल तर तक्ता आणि निदान दोन चाचण्या हातात असताना करा. सगळ्यांना घेत नाहीत, आणि ‘मला काय करावं कळत नाही’ एवढंच लिहिलेला अर्ज मागे पडतो. ‘हे ३ पर्याय आहेत, त्यांतल्या दोन पर्यायांची चाचणी अशी घेतली, इथे अडलोय’ असं लिहिलेल्या अर्जाला जास्त आशा असते. नाही घेतलं तरी त्या अर्जासाठी लिहिलेलं पान विभागातल्या विश्वासातल्या सरांना किंवा मॅडमना दाखवावं. एवढी तयारी करून आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक शिक्षक तासभर आनंदाने देतात.